सुखोईचे तास, एअरबसचं टाइप रेटिंग : फौजी पायलटने पुन्हा पहिलीत का बसायचं?

मधुरा_के
नमस्कार मंडळी. नवरा हवाई दलात, लढाऊ विमानांवर. आधी मिग-२१, मग सुखोई-३०. वीस वर्षं पुरी होत आलीत, म्हणजे पेन्शन बसेल, आणि घरात आता एअरलाइनचा विषय निघालाय. त्याला काही विचारलं की "बघू" म्हणतो. हे "बघू" मी लग्नापासून ऐकतेय, म्हणून इथे मीच विचारते.

त्याचे तास तेवीसशेच्या आसपास आहेत. माझी भाबडी समजूत अशी की एवढा अनुभव म्हटल्यावर कागद दाखवायचे, त्यांचं नागरी लायसनमध्ये रूपांतर करून घ्यायचं, कंपनी आठवडा-दोन आठवडे नवीन विमान समजावून देईल आणि माणूस कामाला लागेल. आता कळतंय की डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षा आहेत, मेडिकल वेगळं आहे, आणि वर एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवायची परवानगी. त्याचा खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात, तोही बहुधा आपल्याच खिशातून. वर्गात शेजारी कोण, तर कालपरवा दोनशे तास पुरे करून आलेली पोरंपोरी.

ज्याच्या प्रशिक्षणावर देशाने कोट्यवधी रुपये ओतले त्याला पुन्हा बाराखडी गिरवायला लावणं मला सरळ अन्याय वाटतो. चुकत असेन तर सांगा. शिवाय व्यवहाराचा प्रश्न आहेच: आधी लायसन की आधी रेटिंग? रेटिंग पदरमोड करून आधीच करून ठेवावं का?

पाटलांचा बंडू
ताई, शंभर टक्के सहमत. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या माणसाला पुणे-दिल्ली कसली शिकवता?

तिरका
बंडूशेठ, आयुष्यभर बुलेट फिरवलेल्याला एसटीचा बॅज त्याच आधारावर द्याल का? मागे दीडशे माणसं बसलीयत. त्यातला एक तुमचा सासरा.

पाटलांचा बंडू
सासऱ्याचं नाव काढलंत म्हणून विचार बदलतो. बुलेटवाल्यालाच द्या.

सिमवाला
मधुराताई, मी हवाई दलात अ‍ॅव्हरो आणि एएन-३२ वर होतो. बरीच वर्षं एअरलाइनमध्ये काढली, हल्ली सिम्युलेटरवर शिकवतो. जरा लांब लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. लायसन माणसाला मिळतं आणि तिथे लष्करी तास नक्की धरले जातात. सीपीएलला (कमर्शियल लायसनला) किमान २०० तास लागतात, एटीपीएलला (एअरलाइन कॅप्टनच्या लायसनला) १५००. तुमच्या यजमानांना दोन्ही आकड्यांची चिंता नाही. नुसता एकूण आकडा मात्र पुरत नाही. रात्रीचे किती, उपकरणांवरचे किती, क्रॉस-कंट्री किती, कमांडमधले किती, हे सगळं फोडून दाखवावं लागतं आणि फायटरवाल्यांचं घोडं इथेच अडतं. पाऊण-एक तासाची सॉर्टी (एक उड्डाण), त्यातून तेवीसशे तास जमायला उमेदीची सगळी वर्षं जातात. ट्रान्स्पोर्टवाला एका लडाखच्या फेरीत चार तास खिशात घालतो.

त्यात मोजायची रीतही निराळी. फौजेत चाकं जमीन सोडतात तिथपासून परत टेकतात तिथपर्यंत. नागरी हिशेबात विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं की घड्याळ सुरू, परत येऊन थांबलं की बंद. म्हणजे टॅक्सी करण्यात गेलेली सगळी मिनिटं फौजी लॉगबुकात नसतातच.

टाइप रेटिंग विमानाचं असतं. ज्या विमानाला नागरी टाइप सर्टिफिकेट आहे त्याचंच नागरी रेटिंग निघू शकतं. आपल्याकडे लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता बंगळुरूचं सेमिलॅक (संरक्षण खात्याची संस्था) बघतं, नागरी विमानांची डीजीसीए. सुखोई नागरी यादीत नाहीच, तर लायसनवर त्याचं नाव कुठल्या रकान्यात लिहिणार? त्यामुळे "रूपांतर" हा शब्द लायसनला लागू पडतो, रेटिंगला जवळपास नाही. आणि ए३२० चं रेटिंग नागरी माणसालाही नव्यानेच करावं लागतं. दहा वर्षं एटीआर (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) उडवलेला कॅप्टनही त्याच वर्गात येऊन बसतो. यात अन्याय मला तरी दिसत नाही.

मधुरा_के
एटीआरवाला कॅप्टनही बसतो हे माहीत नव्हतं. राग थोडा उतरला. पैशाचा अजून उतरलेला नाही.

ढगाआडची_रेवा
"कालपरवा दोनशे तास पुरे करून आलेली" त्यातलीच मी. :)

माझ्या बॅचला एक निवृत्त ग्रुप कॅप्टन होते आणि सिम्युलेटरवर माझी जोडी त्यांच्याशीच लागली. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हणाले, तेही मला 'मॅडम' म्हणाले, आणि चेकलिस्ट कोणी वाचायची यावर दोघंही एकमेकांची वाट बघत बसलो. इन्स्ट्रक्टरने कपाळाला हात लावला.

बटणांचा क्रम, एफएमजीसीमध्ये (विमानाच्या संगणकात) मार्ग भरणं, कोणत्या क्षणी कोणता कॉल, हे माझं पटकन पाठ व्हायचं. कॉकपिटच्या कागदी पोस्टरसमोर खुर्च्या मांडून मी त्यांच्याकडून रोज घोकून घ्यायचे. उलट हवेत एकामागून एक बिघाड द्यायला लागले की माझा आवाज चिरका व्हायचा आणि ते "हं, पुढे?" एवढंच म्हणायचे. तो "हं" मी आता उचललाय. दोघंही पहिल्या खेपेत पास झालो. तेव्हा ताई, शेजारी पोरगी बसली म्हणून तुमच्या साहेबांचं काही बिघडत नाही.

बाष्प
रेवा, खिक्! 'सर-मॅडम' वाचून चहा सांडला.

गोंयकार_नाविक
नौदलातल्या माणसाची अडचण कोणी लिहिली नाही, म्हणून मी. आमच्या मिग-२९के वाल्यांना जहाजावर उतरताना फ्लेअर करायचंच नाही, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलायचंच नाही, असं शिकवतात. ठरलेल्या उतारावर यायचं आणि विमान डेकवर आपटायचं. विमानाचा हुक डेकवरच्या तारेत अडकला तर ठीक, नाहीतर लगेच परत हवेत, म्हणून टेकताना पॉवर पूर्ण. गोव्यात हंसा या नौदलाच्या हवाई तळावर डेकची प्रतिकृती आहे, तिथे हेच घोटून घेतात. त्या हाताला "तीस फुटांवर हळूच नाक उचला आणि पॉवर काढा" सांगायचं म्हणजे पूर्वजन्म विसरायला सांगण्यासारखं. एक मित्र सिममधून बाहेर आला तेव्हा इन्स्ट्रक्टरने त्याला गंभीरपणे विचारलं, "मागच्या लोकांवर काही राग आहे का?"

तिरका
दाबोळीला अशी काही लँडिंग मीही अनुभवली आहेत. कॅप्टन नौदलाचे होते तर आता माफ केलं.

डेटनकर
ओहायोतून. इथे अमेरिकेत हा विषय नियमातच बसवलेला आहे. एफएएचा (इथल्या डीजीसीएचा) ६१.७३ हा नियम खास लष्करी वैमानिकांसाठी आहे. फौजेतून पात्र झालेला पायलट एक लेखी परीक्षा देतो आणि कागदपत्रं दाखवून त्याला कमर्शियल लायसन व इन्स्ट्रुमेंट रेटिंग मिळतं. पुन्हा हवेत चाचणी द्यावी लागत नाही. फौजी इन्स्ट्रक्टर असेल तर नागरी इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्रही अशाच वाटेने.

आणि इथे टाइप रेटिंगसुद्धा मिळू शकतं, अट एकच: त्या लष्करी विमानाचं नागरी भावंड असायला हवं. सी-४० म्हणजे आतून ७३७, सी-१३० चं नागरी रूप एल-३८२, केसी-१० म्हणजे डीसी-१०. एफ-१६ वाल्याला यातलं काही नाही. म्हणजे सिमवाला यांनी सांगितलेलं तत्त्व इथेही तेच, फक्त ज्याला भावंड आहे त्याची सोय करून ठेवली आहे.

आणखी एक. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही एटीपी, म्हणजे साधारणपणे १५०० तास, लागायला लागले. फौजी वैमानिकांना मात्र ७५० तासांवर मर्यादित एटीपी देतात. निम्म्यावर! फौजी प्रशिक्षणाची किंमत इथे अशी तासांत धरली जाते.

पाटलांचा बंडू
बघा! अमेरिकेत किंमत आहे. आपल्याकडे फक्त २६ जानेवारीला.

सिमवाला
बंडू, आपल्याकडे को-पायलटला १५०० तासांची अट मुळात नाहीच, २०० वाला सीपीएलधारक उजव्या सीटवर बसतो. मग ७५० ची सवलत कशावर देणार?

बाष्प
एक शंका. रशियन बनावटीच्या विमानांत वेग किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये असते ना? तिथून एकदम नॉट आणि फुटांवर यायला त्रास होत नाही का?

सिमवाला
आकड्यांची सवय आठवड्यात होते. डोळ्यांची होत नाही. जुन्या रशियन विमानांतल्या कृत्रिम क्षितिजात विमानाचं चित्र कलतं आणि क्षितिजाची रेघ आडवीच राहते. पाश्चात्त्य विमानांत नेमकं उलट, चित्र स्थिर आणि क्षितिज कलतं. निवांत असताना दोन्ही समजतात. रात्री ढगात, दमलेल्या डोक्याने, अचानक बघितलं की जुना डोळा जागा होतो आणि हात उलट्या दिशेला जातो.

सप्टेंबर २००८ मध्ये पेर्मला एरोफ्लोट-नॉर्डचं ७३७ असंच पडलं, ८८ जण गेले. वैमानिकांचा आधीचा अनुभव टीयू-१३४ आणि एएन-२ वरचा होता, आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या क्षितिजाचा गोंधळ हे चौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी एक. तिथे तासांचा तुटवडा नव्हता. ते तास दुसऱ्या डोळ्यांनी कमावलेले होते. टाइप रेटिंगमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवतो विचाराल तर अशा जुन्या सवयी शोधण्यावर.

फायटरवाल्यांचं नेहमीचं उदाहरण म्हणजे अप्रोच, उतरायला धावपट्टीकडे येणं. धावपट्टीच्या डोक्यावरून वेगात यायचं, करकचून वळायचं आणि वळता वळताच उतरायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. एअरलाइनमध्ये ढगाळ हवेत १००० फुटांवर विमान सरळ रेषेत, ठरलेल्या वेगात, गिअर-फ्लॅप लागलेलं हवं. नाहीतर गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर, चर्चा नाही. "मी सावरून घेतलं असतं" हे वाक्य मी दर बॅचला ऐकतो. सावरलंच असतं, त्याबद्दल वाद नाही. पण सावरायची वेळच येऊ नये म्हणून तो नियम आहे.

दुसरं, टेकऑफला व्ही-वननंतर (ज्या वेगापुढे उड्डाण रद्द करायचं नसतं) इंजिन गेलं तर ए३२० मध्ये ४०० फुटांपर्यंत गिअर वर घ्यायचं, विमान सरळ ठेवायचं आणि बाकी हात आवरायचे. लढाऊ वैमानिकाला हात आवरणं सगळ्यात जड जातं. एकटा बसून सगळं करायची सवय.

खडकवासला_जुना
दुरुस्ती: सुखोईत एकटा नसतो, मागे वेपन सिस्टिम ऑपरेटर असतो. मिग-२१ ला चालेल तुमचं वाक्य.

सिमवाला
मान्य. पण मागच्याने आणि पुढच्याने मिळून एकच चेकलिस्ट मोठ्याने वाचणं, एकाने उडवणं आणि दुसऱ्याने टोकणं, ते हे नव्हे.

निनाद_ठाणे
टोकण्यावरून कोळिकोडच्या अपघाताची आठवण येतेच. ७ ऑगस्ट २०२०, एअर इंडिया एक्स्प्रेस १३४४. कॅप्टन दीपक साठे, आपल्या नागपूरचे, हवाई दलातले टेस्ट पायलट. चौकशी अहवालात स्पष्ट आहे की अप्रोच स्थिर नव्हता, को-पायलटने गो-अराउंड सांगितलं होतं आणि तरी विमान अर्ध्या धावपट्टीपर्यंत जाऊन टेकलं. फौजी हाताळणी, दुसरं काय?

खडकवासला_जुना
हे अजिबात पटलं नाही. साठे यांनी २००३ मध्ये हवाई दल सोडलं. अपघात २०२० चा. मधली पंधराहून अधिक वर्षं ते नागरी विमानंच उडवत होते. पाऊस, रात्र, टेबलटॉप (डोंगरमाथ्यावरची) धावपट्टी, दुसरा प्रयत्न, हे सगळं बाजूला सारून थेट गणवेशावर बोट ठेवायचं? अस्थिर अप्रोच पुढे रेटल्याचे अपघात आयुष्यात कधी फौजेचं तोंड न बघितलेल्या वैमानिकांच्याही हातून जगभर झालेत.

ढगाआडची_रेवा
मला इथे दोघांचंही थोडं पटतं. आम्हाला तो अहवाल वर्गात शिकवतात तो गणवेशासाठी नाही. धडा उजव्या सीटसाठी आहे: गो-अराउंड म्हणूनही पलीकडचा ऐकत नसेल तर कंट्रोल हातात घ्यायचे. डाव्या सीटवर भारदस्त माणूस असला की ते किती जड जातं ते मला विचारा. समोरचा निवृत्त विंग कमांडर असो नाहीतर नुसताच तिरसट काका.

संपादक_३
कोळिकोडवर इथेच थांबू या. गेलेल्या माणसाबद्दल अंदाज नकोत. धागा रेटिंगवर येऊ द्या.

सिन्नरी
आर्मी एव्हिएशन, नाशिकच्या गांधीनगरला हेलिकॉप्टर शिकलो, पुढे चीता आणि चेतक. सध्या जुहूहून समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ये-जा. आमच्याकडे चित्र उलटं आहे. भारतातलं नागरी हेलिकॉप्टर क्षेत्र बव्हंशी माजी फौजींवरच चालतं, त्यामुळे कॉकपिटमध्ये उपरे वाटत नाही. पण सियाचीनला २०,००० फुटांवर सामान टाकून आलेला माणूस इथे येऊन शिकाऊच ठरतो. तिकडे एका इंजिनचं यंत्र, डोळ्यांनी बघून उडवलेलं. इकडे दोन इंजिनं, उपकरणांवर उडवायचं, खाली पाणी, आणि पावसाळ्यात क्षितिज नावाची वस्तूच नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग मिळवताना माझा जेवढा घाम निघाला तेवढा ग्लेशियरवर निघाला नव्हता (तिकडे निघतही नाही म्हणा).

अवांतर: हेलिकॉप्टरचे हजारो तास घेऊन एअरबसला जायचं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, विमानाचं लायसन वेगळं. रोटरच्या तासांवर फिक्स्ड विंगचं सीपीएल निघत नाही. माझे दोन बॅचमेट चाळिशीत सेसना शिकले.

पाटलांचा बंडू
मग सगळ्यात शहाणा मिग-२१ च. सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाला आणि कुठलंही रेटिंग न मागता गप्प उभा आहे.

मधुरा_के
बंडूदादा, हे त्याला वाचून दाखवलं. हसला, मग अर्धा तास गप्प होता.

सगळ्यांचे आभार. अन्यायाचा मुद्दा मी मागे घेते, निम्मा. पैशाचं आणि क्रमाचं कोणी सांगेल का?

फायलीवाला
डॉर्नियरवरून बाहेर पडलो, ही वाट अलीकडेच तुडवली, म्हणून क्रम सांगतो.

सगळ्यात आधी मेडिकल. फौजेतली कॅटेगरी कितीही चांगली असली तरी डीजीसीएचं क्लास वन मेडिकल वेगळं काढावं लागतं. गंमत अशी की ते तपासणारे डॉक्टर बराच काळ हवाई दलाचेच होते, बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत किंवा दिल्लीच्या केंद्रात. साहेबांनी कधी इजेक्ट केलं (सीटसकट विमानाबाहेर उडी घेतली) असेल तर मणक्याचे जुने कागद आत्ताच जमवा. फायटरवाल्यांची ऑडिओमेट्रीही आधी खासगीत करून बघावी, इंजिनांच्या आवाजाने कान गेलेले असतात आणि बायकोशिवाय कोणाला ते माहीत नसतं.

मग परीक्षा. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स. पास व्हायला ७० टक्के. हवामानात फौजी सहज निघतो, रेग्युलेशन्समध्ये आपटतो, कारण तिथे अनुभव कामाचा नाही, पाठांतर लागतं. फौजींना कशात किती सवलत आहे ते मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून ठरवू नका, डीजीसीएचं त्या वेळचं परिपत्रक वाचा. रेडिओवर बोलायचं लायसन, आरटीआर, वेगळं. वीस वर्षं रेडिओवर बोललेला माणूस तिथे फौजी बोलीत सुरू झाला की तोंडी परीक्षेत अडकतोच.

तासांचं प्रमाणपत्र नोकरीत असतानाच करून घ्या. बाहेर पडल्यावर जुन्या स्क्वाड्रनला फोन करून २००९ चे रात्रीचे तास शोधायला लावणं म्हणजे वैताग. आणि हे त्याहून महत्त्वाचं: शेवटची दोन-तीन वर्षं साहेब टेबलावर (ऑफिसच्या कामावर) असतील तर अलीकडचं उड्डाण दाखवायची पंचाईत होते. जमलं तर उडत असतानाच चाचण्या उरका.

मधुरा_के
सध्या टेबलावरच आहे. :(

फायलीवाला
मग आज रात्रीच 'बघू' बंद करा.

रेटिंगचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, वाद घाला हवा तर. लायसन हातात येण्याआधी रेटिंगला पैसे भरू नयेत, आणि लायसन आल्यावरही नोकरीचं पत्र नसताना शक्यतो भरू नयेत. ए३२० करून बसलात आणि ज्या कंपनीने बोलावलं तिच्याकडे ७३७ असलं तर वीस लाख भिंतीवर लावायला होतात. शिवाय रेटिंग करून वर्षभर घरी बसलं की हात गंजतो आणि पुन्हा सिमचे पैसे. अनेक कंपन्या उमेदवार निवडून मग रेटिंग करून घेतात, खर्च तुमचा किंवा बाँडवर. बाँडची मुदत नीट वाचा.

निनाद_ठाणे
असहमत. भरती जोरात असते तेव्हा रेटिंगवाल्याला आधी उचलतात. थांबणाऱ्याचा सीनिऑरिटी नंबर मागे पडतो, आणि एअरलाइनमध्ये तो नंबरच सगळं ठरवतो.

फायलीवाला
भरती जोरात असेल तर, हा 'तर' वीस लाखांचा आहे. बाकी वयाची एवढी घाई नको. ६५ पर्यंत उडता येतं. बेचाळिशीत आला तरी वीसेक वर्षं हातात आहेत. सुरुवात को-पायलट म्हणूनच होईल, हे मात्र घरात आधी बोलून घ्या. डावीकडे तिशीचा कॅप्टन असेल आणि तो "सर, प्लीज चेकलिस्ट" म्हणेल.

ढगाआडची_रेवा
किंवा तिशीची कॅप्टन. :)

मधुरा_के
ते त्याला चालेल, घरी सवय आहे.

कान तपासायला शनिवारची वेळ घेतलीय. लॉगबुकाची ट्रंक काढली, त्यात २०१२ चं लॉगबुक सापडत नाहीये. फायलीवाला, हरवलेलं असेल तर स्क्वाड्रनच्या नोंदींवरून प्रमाणपत्र निघतं का?

फायलीवाला
अर्ज युनिटमार्फत करा, तुमच्या साहेबांच्या सहीने. व्यनि करतो, मसुदा माझ्याकडे आहे.